माळ्यावरचं कॉर्नेट

श्रीपतशेठच्या पेढीची पायरी चढताना मंजुळाच्या डोक्यावर एक सूर पडला.

पडलाच म्हणायचा. माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून, थोडी धूळ सोबत घेऊन, लांबलचक पितळी सूर सरळ खाली आला. तिच्या हातातली छत्री सुटली आणि पायरीवरून घरंगळत बाजारपेठेच्या चिखलात गेली. काखेतली काळी पेटी मात्र तिनं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली, तो आवाज त्या पेटीतूनच आल्यासारखी.

"अहो शेठ, हे काय?"

"काय म्हणजे? गहाण!" श्रीपतशेठ गादीवर बसून चष्म्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसत होते. "माझ्याकडचं गहाण बोलतं कधी कधी. ए सहदेव, पुरे कर रे! गिऱ्हाईक पळेल माझं."

शिडीवरून आधी दोन अनवाणी पाय उतरले, मग दुमडलेली पँट, मग हातात कॉर्नेट, बँडमधलं ते आखूड तुतारीसारखं पितळी वाद्य, घेतलेला एक तरुण. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चिखलातल्या छत्रीकडे. कॉर्नेट गादीच्या कडेला ठेवून तो पावसात गेला, छत्री उचलली, पागोळीखाली धरून धुतली, मिटून, झटकून तिच्यापुढे धरली.

"माझ्यामुळे पडली. माफ करा."

"असं कुणाच्याही डोक्यावर…"

"दर शनिवारी पडतो. पेठेतल्या लोकांना सवय आहे. तुम्ही नवीन दिसता."

तिला हसू येणार होतं. आलं नाही. गेल्या काही महिन्यांत ते असंच ओठांपर्यंत येऊन माघारी जायचं.

महाडात ही रीतच होती. पाऊस लागला की लग्नं थांबतात, लग्नं थांबली की बँड थांबतो. आणि सावित्री नदीचं पाणी पेठेत शिरलं तरी शेठच्या माळ्याला ते कधी शिवत नाही. म्हणून बँडवाले ज्येष्ठ सरता सरता आपली वाद्यं शेठकडे गहाण टाकत. पावसाळ्याची बेगमी होई आणि वाद्यंही कोरडी राहत. तुळशीची लग्नं लागली की सोडवून नेत. पण पितळ नुसतं पडून राहिलं की रुसतं, बोटांनी दाबायचे आतले पिस्टन चिकटून बसतात. त्यासाठी सहदेव दर शनिवारी येऊन माळ्यावर चढायचा, तेल घालायचा, एक सूर लावून बघायचा आणि वाद्य पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचा. शेठची त्याला ना नव्हती. गहाण चांगलं राहिलेलं त्यांनाही हवंच होतं.

"ही पेटी…" सहदेवचा हात पेटीकडे गेला आणि हवेतच थांबला. "ही भागोजी मास्तरांची ना?"

मंजुळानं मान हलवली.

"मग तुम्ही त्यांच्या…"

"मुलगी."

त्यानं हवेतला हात मागे घेतला. मग "जयभीम" म्हणाला, अगदी हळू. मास्तर स्वतःच पायरी चढून आले असावेत असा.

पोलादपूरच्या भागोजी मास्तरांना त्या बाजूला कोण ओळखत नव्हतं? पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला. महाडपासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत ज्या लग्नात मास्तर नाहीत, ते लग्न लोकांना लागल्यासारखं वाटत नसे. पेटीतलं हे कॉर्नेट त्यांच्या वडिलांचं, तेही पलटणीतलेच. त्यावर चांदीचं पाणी दिलेलं होतं. आता ते काळवंडलं होतं. फक्त जिथं दोन पिढ्यांच्या मुठी बसल्या तिथं पिवळं पितळ उघडं पडलं होतं.

शेठनी पेटी उघडली. "वाजतं?"

"माहीत नाही."

"मग हा वाजवून बघेल. वाजलं तर वाद्य, नाही वाजलं तर मोड. दोहोंचा भाव निराळा."

"मोडीचाच भाव लावा."

"अहो, पण…"

"आणि ते वाजवायचं नाही," मंजुळा म्हणाली. आवाज शांत होता, पण छत्रीच्या दांड्यावरची बोटं पांढरी झाली होती. "कुणीच नाही. माझ्यासमोर नाही, माझ्यामागंही नाही. एवढा शब्द देत असाल तर विकते."

शेठनी सहदेवकडे पाहिलं. सहदेवनं तिच्याकडे.

"दिला शब्द," तो म्हणाला. "तेल घातलेलं चालेल?"

"मोडीला तेल कशाला?"

"मोड व्हायला अवकाश आहे अजून. पुण्याचा मोडवाला दिवाळी झाल्यावर येतो. तोवर ते वाद्यच आहे की."

तिनं जरा विचार केला. "घाला," म्हणाली आणि भरभर पायऱ्या उतरली. पेठेच्या टोकाला गेल्यावर तिच्या लक्षात आलं, पाऊस पडतोय आणि छत्री मिटलेलीच आहे.

*

तिला ते का ऐकायचं नव्हतं, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं मोठं काही नव्हतंही.

शेवटच्या हिवाळ्यात बाबांचा दमा वाढला. दुपारी खाटेवर उशीला टेकून बसत आणि कॉर्नेट ओठांना लावत. बोटं बरोबर चालत, एकही चुकत नसे. पण सूर निघायचा नाही. हवा यायची नुसती. फू… फू… ओसरीत बसून तांदूळ निवडताना मंजुळा ती हवा ऐकायची. फाल्गुनात बाबा गेले, आणि ती हवा घरात राहिली. आता त्या कॉर्नेटातून दुसऱ्या कुणाचा सूर निघाला असता तर तिला सोसला नसता. आणि पुन्हा नुसती हवाच निघाली असती, तर तीही नाही.

त्यातून मुंबईच्या महापालिकेच्या शाळेत नेमणूक झाली. दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हायचं होतं. राहायचं मावसबहिणीकडे नायगावला, एका खोलीत सहा माणसं. तिथं बाबांचं सामान कुठं मावणार? आत्या, बनुबाई, आपल्या लेकाकडे जाणार होती. घर रिकामं करायचं होतं. तसं कारण सरळ होतं. पण मंजुळा ज्या घाईनं घर रिकामं करत होती, ती घाई काही मुंबईची नव्हती. तिला कुठं बसवतच नव्हतं. पुस्तक उघडावं तर एकाच पानावर संध्याकाळ व्हायची. चुलीवर आधण ठेवून ती अंगणात जायची, अंगणातून रस्त्यावर, आणि रस्त्यावरून परत येताना आपण कशाला गेलो होतो ते आठवायचं नाही. शनिवार आला की मात्र एखादी वस्तू उचलून ती महाडची एस.टी. पकडायची.

"आज काय नेतेस गो विकायला?" आत्या विचारायची. "त्यापरीस मलाच ने. जुनी वस्तू हाय, चांगला भाव येल."

"तुला कोण घेणार, आत्या? तू वाजतेस फार."

"बोलशील, बोलशील. घर घुमाया लागलंय बघ. एक शब्द टाकला तर दोन परत येतात."

शेठच्या पेढीवर मग भिंतीवरचं घड्याळ आलं, समई आली, पलटणीत बाबांना मिळालेली पितळी बटणं आली, परदेशी नाण्यांची डबी आली. शेठ एकेक वस्तू उलटीपालटी करून बघत, आणि सहदेव शिडीच्या खालच्या पायरीवर बसून मांडीवर काळी पेटी उघडत असे.

"हे घड्याळ चालतं?" त्यानं एकदा विचारलं.

"चालतं. पण पुढं पळतं."

"म्हणजे तुमच्याच घरचं."

"काय म्हणालात?"

"तुम्हीही बसलात की लगेच उठता. बाकड्याला कळतसुद्धा नाही कुणी बसून गेलं ते."

ती रागानं बाकड्यावर बसली. चांगली ऐसपैस. आणि एस.टी. चुकेपर्यंत उठली नाही.

तो कॉर्नेटचे तिन्ही पिस्टन काढायचा, फडक्यानं पुसायचा, शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा आणि बोटानं हलकेच वरखाली करायचा. फुंकर मात्र कधी मारली नाही. नळी ओठांजवळ आली की मान वळवायचा, एखाद्या सोवळ्यातल्या वस्तूसारखी तिला श्वासही लागू द्यायचा नाही. त्याचं स्वतःचं कॉर्नेट तोवर फडक्यात गुंडाळलेलं बाजूला पडून असायचं.

"तुमचं?"

"आधी तुमचं. पाहुण्याला आधी वाढतात."

"पाहुणा दिवाळीपर्यंतच आहे."

"म्हणून तर!"

एका शनिवारी पावसानं उघडीप दिली होती. सहदेव माळ्यावर जाऊन आपलं कॉर्नेट वाजवत होता. सिनेमातलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी असलेलं काहीतरी. वाजवता वाजवता त्यानं फळीच्या फटीतून खाली पाहिलं आणि थांबला. तसाच शिडी उतरून आला.

"तुम्हाला येतं वाजवायला."

"नाही."

"मग तुमच्या बोटांना येतं. छत्रीच्या दांड्यावर तीन बोटं चालली होती. पहिलं-तिसरं, पहिलं-दुसरं… एकदाही चुकली नाहीत."

मंजुळानं हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "बाबा शिकवायचे. लाटण्यावर."

"लाटण्यावर?"

"कॉर्नेटला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, आधी बोटं शीक, मग फुंकर. फुंकरीपर्यंत पोचलेच नाही मी."

"आणि पोळ्या?"

"पोळ्या कुठल्या? घरात भाकऱ्याच व्हायच्या. लाटणं होतंच त्यासाठी."

तो हसला. मोठ्यानं, मान मागे टाकून. आणि या वेळी तिचं हसू ओठांवरून माघारी गेलं नाही. श्रीपतशेठनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, खाकरले, आणि समई पुसायला लागले. ती त्यांनी आधीच पुसून ठेवलेली होती.

त्यानंतर तो तिला एस.टी.पर्यंत सोडायला येऊ लागला. तळ्याच्या काठानं, जरा लांबच्या वाटेनं. कधी बोलायचे, कधी नाही. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा राही, आणि त्याचं कॉर्नेट तिकडे फडक्यात तसंच.

*

भांडण झालं ते एका चालीवरून.

मास्तरांनी पाठवणीची एक चाल बसवलेली होती. कुठल्या सिनेमातली नाही, त्यांची स्वतःची. नवरी मांडवाबाहेर पाऊल टाकी तेव्हा ते एकटेच वाजवायचे, ढोलही गप्प. पहिला सूर लांबवत लांबवत न्यायचे आणि थांबायचे. इतके थांबायचे की रडणाऱ्या बायकासुद्धा श्वास धरून बघायच्या. मग सूर हळूहळू खाली उतरायचा, एखादी म्हातारी उंबरा उतरावी तसा. तालुक्यातल्या किती मुली त्या चालीवर सासरी गेल्या असतील!

"मला येते ती," सहदेव म्हणाला. तळ्याच्या कठड्याशी उभे होते दोघे. "लहानपणापासून मांडवाबाहेर उभा राहून ऐकलीय. एकदा मास्तरांनी मला बघितलं. म्हणाले, काय रे, नवरीचा भाऊ का तू? रडतोस कशाला?" तो कठड्यावरून तिच्याकडे वळला. "ऐकवू? माझ्या कॉर्नेटवर. तुमचा शब्द मोडत नाही मी. शब्द त्या वाद्याचा होता."

मंजुळा एकदम बाजूला झाली. "चाल काय रस्त्यावर पडलेली असते? कुणीही उचलावी?"

"म्हणून तर विचारलं. न विचारता वाजवतातच की सगळे."

"नाही."

"बरं. नाही."

"आणि हे रोज रोज सोडायला येऊ नका."

"रोज कुठं? शनिवारीच—"

पण ती निघून गेली होती.

पुढच्या शनिवारी ती महाडला गेली नाही. सकाळी गेली नाही, दुपारी गेली नाही. आणि संध्याकाळपर्यंत तिनं घरातला प्रत्येक डबा घासून काढला. आत्या नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "मंजे, त्या डब्याला भोक पडंल आता. त्या म्हाडवाल्यानं काय केलान?"

"कोण महाडवाला?"

"मला काय ठाव? तूच झोपेत बोललीस. म्हणं, लांबच्या वाटेनं जाऊ."

त्यानंतरच्या शनिवारी ती पेढीवर गेली तेव्हा सहदेव नेहमीच्या पायरीवर होता. मांडीवर तिचीच पेटी. तो हसला नाही, चिडलाही नाही.

"मागच्या खेपेला तुम्ही नव्हता. तरी तेल घातलं."

"आणि तुमच्यात?"

तो आठवू लागला. "राहिलं वाटतं."

ती बाकड्यावर बसली. खूप वेळ नुसता पिस्टनचा आवाज येत होता, टक्… टक्…

"मुंबईला कधी?"

"आवडीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी. शेजारच्या ठमाबाईंची मुलगी."

"माहीत आहे. त्या लग्नात बँड आमचाच आहे." त्यानं शेवटचा पिस्टन बसवला. "आणि परत?"

"परत कशासाठी? घर तर रिकामं झालं."

सहदेवनं पेटी मिटली, खटका लावला, आणि त्या खटक्याकडेच बघत म्हणाला, "खरंय. कशासाठी."

तिला वाटलं, यानं काहीतरी बोलावं. एखादी थट्टा, काहीही. तो पेटी घेऊन शिडी चढला. लांबच्या वाटेनं मात्र दोघं गेले, न ठरवता.

*

आवडीच्या लग्नाच्या सकाळी सहदेव मंजुळाच्या दारात उभा होता. अंगात बँडचा लाल कोट, पितळी बटणांचा. एका हातात स्वतःचं कॉर्नेट, दुसऱ्या हातात काळी पेटी.

"हे काय? मोडवाला आला नाही?"

"आला होता. नळ्या वाकवून पोत्यात भरायला निघाला. शेठना बघवेना. म्हणाले, ही वस्तू जिची तिला नेऊन दे, माझा हात नाही होत."

"अहो, मी उद्या निघालेय! कुठं ठेवू मी हे?"

"ते शेठनी सांगितलं नाही," तो म्हणाला आणि पेटी उंबऱ्यावर ठेवून मांडवाकडे गेला. जाताजाता त्यानं वळून पाहिलं तेव्हा तिला दिसली ती कोटावरची बटणं. तिनंच विकलेली, बाबांच्या पलटणीची. घासून लख्ख केलेली.

ती रिकाम्या घरात पेटी उघडून बसली. कॉर्नेट हातात घेतलं नाही. फक्त त्याची तोंडाची, ओठांना लावायची वाटी काढली, गार, जड, आणि मुठीत धरली. बाबा असंच करायचे. वाजवायच्या आधी वाटी मुठीत ऊब देऊन ठेवायचे. म्हणायचे, गार ओठांना सूर ओळखत नाही. मूठ तशीच मिटलेली ठेवून ती लग्नाला गेली. वंदना झाली, परित्राण झालं, फुलं पडली, पंगती उठल्या. डाव्या हाताची मूठ काही उघडली नाही. जेवण उजव्या हातानंच तर करायचं असतं.

बँड सकाळपासून वाजत होता, पण तिच्या कानाला काहीतरी टोचत होतं. सहदेवच्या कॉर्नेटचा मधला पिस्टन खाली गेला की वर यायला कुरकुरत होता. घाईच्या गाण्यांत ते खपून गेलं. ऊन कललं, उमरठचं वऱ्हाड ट्रककडे निघालं, आवडीनं मांडवाबाहेर पाऊल टाकलं, ढोल थांबले. सिनेमातलं एक पाठवणीचं गाणं वाजवायला सहदेवनं कॉर्नेट ओठांना लावलं, बोटं दाबली… आणि मधला पिस्टन खाली गेला तो वर आलाच नाही.

त्यानं तो ओढून पाहिला. तेल सोडलं. तळहातावर आपटलं. काही नाही.

"अरं सहदेवा, वाजव की!" ठमाबाई डोळे पुसत ओरडल्या. "पोर उभी हाय माझी!"

"म्हाडचा बँड म्हणून आणलान," उमरठचा एक पाहुणा म्हणाला, "आन् ह्यो तं मुका निघाला!"

"मास्तर असते तं…" कुणीतरी सुस्कारा टाकला.

ढोलवाला सहदेवच्या कानाशी लागला. पण तो ढोलवाला. त्याची कुजबुजही चार घरं ऐकत. "त्या बाईंचं घे ना! इथं शेजारच्याच घरात आहे."

सहदेवनं मान हलवली. नाही. पुन्हा खाली वाकून तो त्या अडलेल्या पिस्टनशी झटू लागला. घाम कपाळावरून बटणांवर पडत होता. मंजुळा चार हातांवर उभी होती. त्याला ती दिसत होती. त्यानं एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मागणं झालं असतं.

सगळे शनिवार तिच्या डोळ्यांपुढून गेले. आधी तुमचं. पाहुण्याला आधी वाढतात. लांबच्या वाटेनं जाऊ. आणि फडक्यात गुंडाळलेलं, तेलावाचून राहिलेलं त्याचं कॉर्नेट.

ती वळली. चालत गेली की पळत, ते तिला नंतर आठवलं नाही. आली तेव्हा उजव्या हातात बाबांचं कॉर्नेट होतं.

"घ्या."

"नको. शब्द दिलाय."

"तो मी परत केला. आवडी उभी आहे, घ्या. आणि बाबांचीच चाल वाजवा."

त्यानं कॉर्नेट घेतलं. तिनं डावी मूठ उघडली आणि वाटी त्याच्या तळहातावर ठेवली. ती ऊन होती. त्या उबेनं तो चमकला, एक क्षण तिच्याकडे बघत राहिला. मग वाटी बसवली आणि ओठांना लावली.

आधी हवा आली. फू… मंजुळाचे डोळे मिटले.

आणि त्या हवेच्या मागोमाग सूर आला.

तो बाबांचा नव्हता. तिला पहिल्याच क्षणी कळलं, आणि जे सोसणार नाही असं वाटत होतं ते सोसलं. सूर लांबत लांबत गेला. थांबायच्या जागी सहदेव थांबला, पण बाबांएवढा नाही, जरासा कमी. त्याला तेवढा धीर नव्हता. तोही आतून तिच्यासारखाच होता. बसला की उठणारा. त्या थांबण्यात तिनं त्याचा श्वास ऐकला. फू… प्रत्येक सुराच्या आधी ती हवा होतीच. बाबांच्या वेळीही असणार. त्यांच्या सुरापुढं ती ऐकू येत नव्हती, एवढंच. मग सूर खाली उतरू लागला, आणि आवडी हुंदका देऊन ठमाबाईंच्या गळ्यात पडली.

मंजुळा रडली. सगळ्या बायका रडत होत्या, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. फक्त आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चालली बघ तीन बोटं. पदराला सुरकुत्या पाडल्यास."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईची गाडी पोलादपूरच्या स्टँडवर उभी होती. धुकं अजून हललं नव्हतं. आत्या कंडक्टरला भाचीकडे लक्ष ठेवायला बजावत होती आणि त्याच्या गावातल्या माणसांची नावंही विचारून घेत होती. मंजुळा खिडकीशी बसली होती. एक ट्रंक, एक पिशवी. आणि मांडीवर काळी पेटी.

सहदेव धापा टाकत आला. पहिल्या गाडीनं महाडहून आला होता. आज लाल कोट नव्हता.

"मला वाटलं, चुकली."

"तुम्ही वेळेवर आलात. गाडीच थांबलीय." तिनं पेटी खिडकीतून बाहेर दिली. "ही घ्या."

"मी? नको… अहो, मी विकत कशी—"

"विकतेय कोण? गहाण ठेवतेय."

त्यानं पेटी छातीशी धरली. पहिल्या दिवशी तिनं धरली होती तशी. "गहाण म्हटलं की मुदत आली."

"मे महिन्याची सुट्टी लागेपर्यंत."

"आणि सोडवायला आला नाहीत तर?"

"गहाण बुडालं की वस्तू कुणाची होते?"

"सावकाराची."

"मग तुम्हाला कसली काळजी?"

"मला वस्तू नकोय," तो म्हणाला. खिडकीच्या गजावर त्याचा हात होता. तो हात बघतच बोलत होता. "मला… सोडवायला येणारी हवीय."

कंडक्टरनं घंटी मारली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि सगळी खिडकी थरथरू लागली.

"एक सांगायचं राहिलं," मंजुळा म्हणाली. "बाबांची चाल. वाजवा, कुणाच्याही पाठवणीला वाजवा. पण मे महिन्यात एक पाठवणी आहे, तिला नाही वाजवता यायची तुम्हाला."

"का? कुणाची पाठवणी?"

"नवरदेवानं कॉर्नेट वाजवलेलं बरं दिसतं का?"

गाडी हलली. तो गजाला धरून बाजूनं चालू लागला, मग पळू लागला. "मग… मग वाजवणार कोण?"

तिनं गजावरच्या त्याच्या हातावर तीन बोटं ठेवली. पहिलं आणि तिसरं दाबलं. मग पहिलं आणि दुसरं.

"लाटणं तेवढं विकलेलं नाही मी," ती म्हणाली.

गाडी वळणावर गेली तेव्हा मागून धुक्यातून एक सूर आला, लांबलचक, थोडा घाईतला. मंजुळानं मान वळवली नाही. पिशवीतलं लाटणं चाचपून पाहिलं, आणि बसून राहिली. चांगली ऐसपैस.